गंगापूर धरणावर संध्याकाळची कयाक : पक्षी पाहायला निघणाऱ्या नवख्यांसाठी

कयाकमधून, म्हणजे एक-दोघांनी वल्हवायच्या छोट्या निमुळत्या होडीतून, पक्षी पाहायचे असतील तर निघण्याआधीच एक ठरवून टाका, अंतर कापायचं नाही. नवखा माणूस पाण्यात उतरला की त्याला समोरचा काठ खुणावायला लागतो. दंडात जोर असतो तोवर तो सपासप वल्हं मारतो आणि अर्ध्या तासात त्या बाजूची सगळी बदकं उडवून लावतो. मग परत येऊन म्हणतो, "काही दिसलंच नाही." दोन तासांत एक-दीड किलोमीटर गेलात तरी पुष्कळ झालं. बाकीचा वेळ वल्हं मांडीवर आडवं टाकून बसायचं. पुढचं सगळं या एकाच गोष्टीच्या तयारीसाठी आहे.

पाणी कुठलं निवडायचं

नाशिकच्या आसपास धरणांची कमी नाही. गंगापूर, कश्यपी, आळंदी, वालदेवी, मुकणे, दारणा, वैतरणा, हवं ते घ्या. सुरुवात मात्र गंगापूरपासूनच करा. शहरापासून जवळ, रस्ता सरळ, आणि तिथे पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे. त्या दिवशी काय चालू आहे, कयाक मिळेल का, शेवटची फेरी किती वाजता परत बोलावतात, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. जिथे प्रशिक्षक आहे, लाइफ जॅकेट आहे आणि काठावर तुमच्याकडे लक्ष ठेवणारं माणूस आहे, अशाच ठिकाणाहून पहिल्या फेऱ्या कराव्यात.

हल्ली हवा भरून फुगवायच्या कयाक ऑनलाइन मिळतात. गाडीच्या डिकीत टाकायची आणि दिसेल त्या काठावरून उतरायचं, असा मोह होतो. तसं करू नका. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, उतरायला परवानगी लागते. शिवाय गंगापूरचं पाणी नाशिककर पितात. धरणाची भिंत, सांडवा, दरवाजे आणि जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) यांच्या जवळपास फिरकायचंच नाही. तिथे बंदी असते आणि धोकाही असतो. वरून शांत दिसणारं पाणी तिथे आतून ओढ घेत असतं.

"पक्ष्यांसाठी नांदूरमध्यमेश्वरला का नको?" हा प्रश्न हमखास येतो. ते अभयारण्य आहे. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाशी बंधारा बांधला, त्याच्या फुगवट्यात गाळ साचत गेला, आणि त्या उथळ पाण्यावर हजारो पक्षी उतरायला लागले. २०२० च्या जानेवारीत ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्याचं जाहीर झालं. त्या यादीतली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. तिथे आपली होडी घालायची नसते. पायी फिरायचं आणि मनोऱ्यावरून पाहायचं. पण कयाकमध्ये बसण्याआधी एखाद्या सकाळी तिथे जरूर जा, स्थानिक गाइड घ्या आणि दहा-पंधरा पक्ष्यांशी ओळख करून घ्या. हलत्या होडीत पुस्तकाची पानं उलटायला ना हात मोकळा असतो ना वेळ.

महिना आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाहुणी बदकं ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि मार्चपर्यंत बरीचशी निघून जातात. या दिवसांत धरणात पाणी भरपूर असतं, ऊन सोसतं आणि संध्याकाळी वारा बहुतेक वेळा पडतो.

पावसाळ्यात विषयच नको. धरणातून विसर्ग सुरू झाला की रामकुंडावर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघायला अख्खं शहर पुलावर जातं. ते पाणी वरून कुठून येतं हे आठवलं म्हणजे पुरे. एप्रिल-मे वेगळ्या कारणासाठी टाळावेत. पाणी मागे सरतं, काठाला गुडघाभर चिखल होतो, दुपारचा पश्चिमेचा वारा संध्याकाळपर्यंत हटत नाही. त्यात मोकळ्या झालेल्या बेटांवर आणि वाळूत टिटव्या आणि नदीसुरय अंडी घालतात. अंडी खड्यांच्या रंगाची, उघड्यावर, घरट्याच्या नावाला एक खळगा. पायाखाली आलेलं कळतही नाही. नदीसुरय आता जागतिक पातळीवर संकटग्रस्त पक्ष्यांत मोजला जातो, म्हणून फेब्रुवारीनंतर कुठल्याही बेटावर उतरून फोटो काढायचा बेत करूच नका.

वेळेचं गणित सूर्यास्तावरून मागे मोजत करायचं. नाशिकला नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो, जानेवारीच्या मध्याला सव्वासहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला साडेसहाच्या आसपास. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो. म्हणजे डिसेंबरात साडेतीनला काठावर पोहोचायचं, चारला पाण्यात, पावणेसहापर्यंत परतीच्या टप्प्यात. "अजून उजेड आहे" म्हणत रेंगाळणाऱ्याला काठ सापडत नाही.

सोबत काय, अंगावर काय

कयाक दोन प्रकारची असते. एकीत आत पाय घालून बसायचं, दुसरीत वर बसायचं. नवख्याने वर बसायची, रुंद बुडाची घ्यावी. उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही आणि पुन्हा चढता येतं. दोघांची कयाक मिळाली तर पक्षी पाहायला ती उत्तम, एक वल्हवतो तेव्हा दुसरा दुर्बीण लावतो. फक्त पुढे बसणाऱ्याने दर मिनिटाला मागे वळून गप्पा मारू नयेत.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानेही घालायचं. अंगावर चढवा, सगळे पट्टे आवळा आणि मग सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे किंवा तुमच्या मापाचं नाही, दुसरं मागा. ते भडक केशरी असलं तरी चालेल. पक्षी रंगापेक्षा हालचालीला जास्त बिचकतात. बाकीचे कपडे मळकट, पटकन वाळणारे. जीन्स भिजली की ओझं होते. पायात मागे पट्टा असलेली सँडल, कारण चिखलात चप्पल राहते आणि पाय वर येतो.

दुर्बीण ८×४२. दहापटीची महाग दुर्बीण मिरवायला बरी, पण डुलणाऱ्या होडीत जितकी पट जास्त तितका हातांचा कंप जास्त दिसतो. गळ्यात अडकवून पट्टा आखूड करा, वल्हवताना ती जॅकेटच्या आत सरकवता आली पाहिजे. चष्मा असेल तर त्याला दोरी बांधा. फोन पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये, शिट्टी जॅकेटला, डोक्याला लावायचा टॉर्च खिशात, प्यायचं पाणी पायापाशी. गाडीत कोरडे कपडे आणि स्वेटर ठेवा. डिसेंबरातली नाशिकची थंडी सगळ्यांना माहीत आहे, पण ओल्या शर्टवर वारा लागतो तेव्हा ती वेगळीच कळते.

बसायचं कसं, वल्हं कसं धरायचं

बहुतेक लोक पाण्यात पडतात ते चढताना किंवा उतरताना, तेही काठापासून दोन हातांवर. म्हणून इथे घाई नको. कयाक पोटरीभर पाण्यात काठाला समांतर उभी करा. सोबत्याने किंवा प्रशिक्षकाने ती धरावी. बैठकीकडे पाठ करा, दोन्ही हात मागे कयाकवर टेका, आधी बूड टेका, मग एकेक पाय आत घ्या. कयाकमध्ये उभं राहायचं नाही, आधी पाय टाकून मग बसायचंही नाही. बसल्यावर पाय टेकायच्या खाचा अशा पकडा की गुडघे किंचित दुमडलेले राहतील. पाठ ताठ ठेवा. आरामखुर्चीत रेलतो तसं रेललात तर अर्ध्या तासात कंबर बोलायला लागेल.

वल्हं डोक्यावर आडवं धरा. दोन्ही कोपरांचा काटकोन झाला की हात योग्य जागी आहेत. तेवढ्याच अंतरावर पकडून खाली आणा. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात रोवायचं आणि कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं. त्याच्या मागे ओढत नेण्यात फायदा नाही, कयाक फक्त नाक हलवते. ताकद दंडातून न काढता धडातून काढा. उजवीकडे वल्हं मारताना उजवा खांदा मागे जाऊ द्या. मूठ हलकी ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मनगट धरून बसाल.

वळायचं असेल तर पातं कयाकपासून लांब नेत मोठं अर्धवर्तुळ काढा. उजवीकडे काढलंत तर नाक डावीकडे वळतं. थांबायचं असेल तर दोन्हीकडे उलटं, छोटं छोटं वल्हं. पुढे जाणं, वळणं, थांबणं, एवढे तीन प्रकार आले की संध्याकाळ निभावते. काठाजवळच पंधरा-वीस मिनिटं गोल फिरा, थांबा, मागे जा. ही पंधरा मिनिटं वाचवणाऱ्यांना पुढे पक्ष्यांसमोर फिरता येत नाही.

रोइंगशी याची गल्लत करू नका. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला उतरला तो रोइंगमध्ये. त्यात जायच्या दिशेकडे पाठ करून बसतात, दोन वल्ही होडीला अडकवलेली असतात, आणि वेगासाठी ते अप्रतिम आहे. कयाकमध्ये तोंड पुढे असतं. पक्षी पाहायला आपल्याला तेच हवं.

उलटण्याची तालीमही एकदा करून घ्या, ऊन असताना, प्रशिक्षकासमोर. कयाक सोडायची नाही, पोहत काठ गाठायला निघायचं नाही. उलटी झालेली कयाक पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढत सुलटी करा, मधोमध या, पाय मागे झाडत छाती तिच्यावर आडवी टाका, मग कुशीवर वळून बैठकीत या आणि शेवटी पाय आत. एकदा जमलं की भीती निम्मी होते आणि भीती कमी झालेला माणूस होडीत स्थिर बसतो.

निघाल्यावर

काठ सोडून पन्नास मीटर गेलात की मागे वळून बघा. जिथून निघालात ती जागा पाण्यावरून कशी दिसते? विजेचा खांब, पाण्याची टाकी, एकटं झाड, एक ठळक खूण लक्षात ठेवा. संधिप्रकाशात सगळा काठ एकसारखा काळा दिसतो.

मग वारा बघा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे थकल्यावर परतताना तोच ढकलतो. वारा नसेल तर उन्हाचा हिशेब करा. सूर्य त्र्यंबकच्या डोंगरांकडे कलत असतो. त्या दिशेला बघाल तर पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. म्हणून आधी पश्चिमेकडे सरकून घ्या आणि खरं पाहणं वळून, ऊन पाठीवर घेऊन करा. त्या शेवटच्या तासात धनवर बदकाच्या चोचीच्या टोकाचा पिवळा आणि मुळाशी असलेला तांबडा ठिपका साध्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो. म्हणूनच त्याला हळदीकुंकू म्हणतात.

काठाच्या अगदी जवळून जाऊ नका, आणि याला कारण पक्ष्यांइतकंच माणसांचं आहे. फुगवट्याच्या कडेने शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्यात सोडलेल्या असतात, त्यांचे पाइप आणि केबल असतात. केबलला हात लावायचा नाही, वल्ह्याने उचलायची तर मुळीच नाही. मासेमारांची जाळी थर्माकोलच्या तुकड्यांवर किंवा रिकाम्या बाटल्यांवर तरंगत असतात. ओळ दिसली की वळसा घाला. ती त्यांची रोजची भाकरी आहे. पाणी उतरलेलं असेल तर जुन्या झाडांची खोडं बोटभर पाण्याखाली लपलेली असतात. मान उंच करून वळवळत जाणारी दिवड दिसली तर घाबरू नका, तिला विष नसतं आणि तिला तुमच्यात रस नसतो. जाऊ द्या.

पक्ष्यांजवळ

थव्याकडे सरळ नाक करून जाऊ नका. त्यांच्या बाजूने तिरकं निघून जातोय असं दाखवत जा. पातं पाण्यात हळू उतरवा, ठिबकणारं पाणी होडीवर पडू देऊ नका. वल्हं प्लास्टिकच्या कयाकवर आपटलं की ढोलावर टिपरी पडावी तसा आवाज पाण्यावर लांबवर जातो. शंभरएक मीटरवर थांबा, वल्हं आडवं ठेवा आणि कयाक जशी वाहवते तशी वाहू द्या.

आता वारकऱ्यांकडे बघा, काहीजण त्यांना चांदवा म्हणतात. काळा गोल पक्षी, कपाळावर पांढरी टिकली. हा तुमचा मोजपट्टी पक्षी. निवांत असला की मान पुढे-मागे करत वनस्पती टिपत राहतो. तुम्ही जरा जास्त जवळ आलात की चरणं थांबतं, माना उंच होतात. मग सगळे एकाच दिशेला तोंड करून पोहायला लागतात. इथे थांबायचं, दोन-तीन उलटी वल्ही मारून मागे सरायचं. हे कळलं नाही तर पुढची पायरी पाण्यावरून पळत सुटण्याची, पाय आपटत, पांढऱ्या फेसाची रेघ मागे सोडत. ते धावणं बघायला छान वाटतं. पण हजारो मैल उडून आलेल्या बदकांना आपल्या करमणुकीसाठी पुन्हा पुन्हा उडायला लावणं चुकीचं आहे. थवा उडाला तर चूक आपली, असं सरळ धरावं. आणि चिंचोळ्या फाट्यात पक्षी असतील तर त्याच्या तोंडाशी आडवं लागू नका, त्यांची बाहेर पडायची वाट तीच असते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणं तर नकोच.

तुम्ही काहीही न करता सगळी बदकं एकदम उठली, तर वर बघा. बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून खालून खालून घिरट्या घालत आलेला असतो. हिवाळ्यात मासे पकडणारी ऑस्प्रेही येते, पोट पांढरं, डोळ्यावरून गडद पट्टा, आणि पाय पुढे करून पाण्यात घुसते.

टिबुकलीमागे लागू नका. लहानशी असते, दिसली म्हणेपर्यंत बुडी मारते आणि भलतीकडे वर येते. कवड्या धीवर मात्र वेळ देतो. काळा-पांढरा, हवेत एका जागी फडफडत थांबतो, चोच खाली रोखलेली, आणि दगड सोडावा तसा सरळ पडतो. तो थांबला की दुर्बीण उचलायला पुरेसा अवधी मिळतो, म्हणून नवख्यांनी सुरुवात त्याच्यापासून करावी. नदीसुरयही असाच पाण्यावर गस्त घालतो. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. चक्रवाकाची जोडी काठावर असेल तर आवाजावरून आधी कळेल. नारिंगी रंग उन्हात पेटल्यासारखा दिसतो.

सूर्य टेकायच्या सुमाराला पाहायची रीत बदला. आता कुणाच्या मागे न जाता एका जागी थांबून आकाश बघा. पाणकावळे रांगा करून पाण्यालगत उडत मुक्कामाच्या झाडांकडे जातात. बगळ्यांच्या रांगा जरा वरून. शराटींचा कोयत्यासारखा चोचीचा बाक अंधुक उजेडातही ओळखता येतो. भिंगऱ्या पाणी चाटून जातात. हे सगळे परतायला लागले की रातढोकरी निघतात, जाड मानेच्या, "क्वॉक" असा एकच शब्द टाकत. त्यांचा आवाज आला म्हणजे तुम्हीही वळायला हवं होतं.

परत

खूण शोधा, टॉर्च लावा, सगळे जवळजवळ राहा. सर्वात मागे अनुभवी माणूस, आणि गटाचा वेग सर्वात हळू वल्हवणाऱ्याचा. काठाला लागल्यावर उडी मारू नका. दोन तास दुमडलेले पाय सुन्न असतात आणि चिखल निसरडा. आधी पाय बाहेर टेका, क्षणभर बसून राहा, मग उठा.

गिरणारे-गंगापूरच्या मळ्यांमधून बिबट्याचा वावर असतो. अंधारात उसाच्या कडेला एकट्याने रेंगाळू नका, सामान आवरून गाडीशी या. चहा गंगापूर रोडला येऊन प्या.

कयाक तुमची असेल तर बूच काढून पाणी ओता, खाचांमध्ये अडकलेली पाणवेलीची एखादी काडीही उरू देऊ नका. गोदेच्या खालच्या पात्रात तिने काय केलंय ते नाशिककरांना सांगायला नको. तुमच्या होडीतून ती वरच्या धरणात पोहोचली तर काढणं कठीण.

यादी त्याच रात्री लिहा, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर आणखी चांगलं. आकडे अंदाजे चालतील, वारकरी साठ-सत्तर, धनवर आठ. ओळख न पटलेल्या पक्ष्याला जबरदस्तीने नाव देऊ नका. बदकाएवढा की लहान, चोच चपटी की टोकदार, उडताना पंखावर पांढरा पट्टा होता की नव्हता, पाय शेपटीमागे दिसत होते का, एवढं टिपून ठेवा. पुढच्या खेपेला नांदूरमध्यमेश्वरच्या गाइडला विचारायला तेवढं पुरतं.